अस्वल झोपत नाही, खर्च थांबवतं

मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात शीतनिद्रेचं पान ठरलेलं असतं. बाहेर बर्फ, आत गुहा, गुहेत पांघरूण ओढून घोरणारं अस्वल, आणि बऱ्याचदा त्याच्या डोक्यावर गोंड्याची टोपीसुद्धा. ते बघून मुलं दोन गोष्टी पक्क्या करतात: अस्वलाला थंडी वाजते आणि थंडी वाजली की ते झोपतं. पुढे शाळेत ‘थंडीपासून बचावासाठी प्राणी दीर्घकाळ झोपतात’ असं काहीतरी पाठ होतं, त्याचे मार्कही मिळतात आणि गैरसमज कायमचा घर करून बसतो.

थंडी हेच कारण असतं, तर बर्फाळ प्रदेशातले सगळेच प्राणी झोपले असते. तसं होत नाही. लडाखमध्ये तापमान उणे वीसच्या खाली जातं तेव्हाही हिमबिबट्या कड्याकपारींत फिरत असतो आणि भरल, म्हणजे डोंगरातली जंगली मेंढरं, बर्फ उकरून खालचं वाळकं गवत खात असतात. त्याच डोंगरात मार्मोट हा खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी मात्र जमिनीखाली निपचित पडलेला असतो. हवा तिघांना सारखीच. फरक खाण्यात आहे. बिबट्याला शिकार बारा महिने मिळते, भरलाला वाळलेलं गवत चालतं. मार्मोट कोवळं गवत, पानं, मुळं यांवर जगतो, आणि हिवाळ्यात ते सगळं गोठलेल्या जमिनीत बंद होतं.

म्हणून कुठल्याही प्राण्याबद्दल बोलताना ‘याला थंडी वाजत असेल का?’ याच्या आधी ‘हा आता खाणार काय?’ हा प्रश्न विचारायची सवय मुलांना लावावी. या एका प्रश्नाने निम्मा धडा होतो.

आपल्याच अस्वलावर तो प्रश्न लावून बघा. मेळघाट किंवा ताडोबातलं अस्वल शीतनिद्रा घेत नाही. थंडीत बोरं असतात, पुढे मोहाची फुलं गळतात, उन्हाळ्याच्या शेवटी जांभळं, अधूनमधून उंबर आणि मध. आणि काहीच नसलं तरी वाळवीचं वारूळ असतंच. ताट कधीच पूर्ण रिकामं होत नाही, मग झोपायचं कशाला? त्याच्याच कुळातलं हिमालयातलं तपकिरी अस्वल, द्रास आणि झंस्कारच्या बाजूला दिसतं ते, हिवाळा गुहेत काढतं. दोन अस्वलं आणि दोन वेगळे पत्ते: एवढं सांगितलं की पाचवीतलं मूलही कारण स्वतः शोधून काढतं.

आता उपाशी राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? सस्तन प्राण्याचं शरीर चालवणं हा महागडा प्रकार आहे. आपण जे खातो, त्यातला बराच मोठा वाटा अंग ३७ अंशांच्या आसपास ठेवण्यात आणि हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालू ठेवण्यातच संपतो. घरात पगार यायचा थांबला की आपण आधी काय करतो? गाडी उभी करतो, जास्तीचे दिवे बंद करतो, हॉटेल बंद, आणि साठवलेल्या पैशांत महिने ढकलतो. शीतनिद्रा घेणारा प्राणी तेच करतो. साठा म्हणजे अंगावरची चरबी, आणि सगळ्यात मोठं बिल म्हणजे शरीराची उष्णता. ते बिल तो जवळजवळ शून्यावर आणतो.

मार्मोट हे याचं उत्तम उदाहरण आहे आणि आपल्याकडच्या मुलांना ते दाखवणंही सोपं आहे, कारण लडाखला जाऊन आलेल्या कुठल्याही ओळखीच्या कुटुंबाच्या मोबाइलमध्ये पँगाँगच्या वाटेवरच्या गुबगुबीत मार्मोटचा एक तरी फोटो असतो. (त्या फोटोत कुणीतरी त्याला बिस्किट भरवत असेल, तर तेवढ्यावर मुलांशी जरा वेगळं बोलावं. फलक लावूनही माणसं ऐकत नाहीत. उन्हाळ्यात त्याने गवत खाऊन चरबी करायची असते, मैद्याची बिस्किटं खाऊन नव्हे.) ही घुशीपेक्षा कितीतरी मोठी, खारीच्या कुळातली जात. उन्हाळाभर तो चरतो आणि लठ्ठ होतो. साधारण ऑक्टोबरात सगळं कुटुंब बिळात शिरतं, आतून माती-गवत-दगडांनी तोंड बुजवतं, आणि थेट वसंतात बाहेर येतं.

आत काय चालतं ते आकड्यांत सांगून मुलांना कळत नाही. ते अंगावर घ्यावं लागतं. घड्याळ समोर ठेवा आणि मुलांना मनगटावरची नाडी मिनिटभर मोजायला लावा. आठ-दहा वर्षांच्या मुलाचे बसल्या जागी ऐंशी-नव्वद ठोके येतात. मार्मोटचाच अमेरिकेतला भाऊ वुडचक. जागेपणी त्याच्या हृदयाचे ठोकेही मिनिटाला ऐंशीच्या आसपास पडतात. शीतनिद्रेत ते चार-पाचवर येतात. आता मुलांना सांगा की आपण सगळे मिळून वुडचकचं हृदय व्हायचं: दर बारा सेकंदांनी एकच टाळी. पहिली टाळी मजेत होते. मग चुळबुळ सुरू होते, कुणीतरी आठव्या सेकंदालाच वाजवतं, कुणीतरी त्याला दटावतं, आणि तिसऱ्या टाळीपर्यंत एक जण हमखास विचारतो, ‘सर, तो मेला तर नाही ना?’ हाच प्रश्न हवा असतो. मेलेला नाही. श्वास अगदी तुरळक चालू आहे, रक्त फिरतंय, अंग मात्र बिळातल्या हवेइतकं गार होत आलंय.

यात सगळ्यात टोकाला जाते ती अलास्कातली ध्रुवीय खार. ती वर्षातले सात-आठ महिने जमिनीखाली असते. १९८९ मध्ये ब्रायन बार्न्स या शास्त्रज्ञाने तिच्या शरीराचं तापमान उणे २.९ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद प्रसिद्ध केली. शून्याच्या खाली, आणि तरी रक्त गोठलेलं नाही! मुलांना हे सांगताना थोडं थांबावं, कारण ‘मग बर्फ का नाही झाला?’ हे कुणीतरी विचारणारच. बर्फ धरायला सुरुवात व्हावी लागते, पहिला स्फटिक तयार व्हावा लागतो. तो मिळाला नाही, तर पाणी शून्याच्या खालीसुद्धा काही काळ पातळ राहू शकतं. खारीच्या शरीरात तसंच घडतं.

आणि आता ती गोष्ट, जी चित्रांच्या पुस्तकांत कधीच नसते. ही खार हिवाळाभर सलग पडून राहत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी तिचं शरीर आपोआप तापायला लागतं. आधी खांद्यांमधली तपकिरी चरबी पेटते. ही साध्या चरबीपेक्षा वेगळी असते, तिचं कामच मुळी जळून थेट उष्णता देणं हे आहे. मग स्नायू थरथरायला लागतात आणि काही तासांत अंग पुन्हा नेहमीच्या तापमानावर येतं. साधारण अर्धा ते एक दिवस असं उबदार राहून ती पुन्हा गार पडते. या उबदार वेळात ती काय करत असेल असं तुम्हाला वाटतं? बहुतेक वेळ ती झोपते. मेंदूच्या लहरी तपासल्या तेव्हा दिसलं की गार पडलेल्या काळात तिची खरी झोप होतच नाही. उलट झोपेची थकबाकी साठत जाते आणि ती फेडायला अंग तापवावं लागतं. झोपायला म्हणून जागं होणारा प्राणी! मुलांना हे इतकं आवडतं, की घरी जाऊन ते आई-बाबांची परीक्षा घेतात.

हे जागं होणं प्रचंड महाग पडतं. साठवलेल्या चरबीचा मोठा भाग या काही मोजक्या जागरणांतच खर्ची पडतो. त्यामुळे शीतनिद्रेतल्या प्राण्याला बाहेरून कुणी उठवणं ही साधी खोडी ठरत नाही. त्याचा पुरावा अमेरिकेत फार क्रूर रीतीने मिळाला. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळं दिसली. ती बुरशी थंडीत, वटवाघूळ गार पडलेलं असतानाच वाढते. तिच्यामुळे वटवाघळं पुन्हा पुन्हा जागी होत राहिली, दर वेळी चरबी जळत गेली आणि वसंत येऊन किडे उडायला लागण्याआधीच साठा संपला. गेल्या दोन दशकांत उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळं अशी मेली. मोठ्या मुलांना हे जरूर सांगावं. पहिली-दुसरीतल्यांना सांगू नये, रात्री त्रास होतो.

अस्वलाचं गणित यापेक्षा निराळं आहे. स्वयंपाकघरातला एक प्रयोग इथे कामाला येतो: एक वाटी आणि एक मोठं पातेलं, दोन्हींत सारखंच गरम पाणी. दर पाच मिनिटांनी बोट बुडवून बघायचं. (फार गरम नको, आणि मोठं माणूस शेजारी हवं.) वाटी भराभर निवते, पातेलं रेंगाळतं. लहान शरीराची उष्णता अशीच पटापट निघून जाते, म्हणून ती टिकवायचा नाद सोडून गार पडणं लहान प्राण्याला परवडतं. अस्वल हे पातेलं. त्याला गार व्हायला वेळ लागतो आणि इतकं मोठं धूड पुन्हा तापवायचं म्हणजे आणखी खर्च. म्हणून ते फार गार होतच नाही. अलास्कातल्या काळ्या अस्वलांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अस्वलांचं तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राहिलं, पण शरीराचा एकूण खर्च मात्र नेहमीच्या पाव हिश्शावर आला. शरीर बऱ्यापैकी उबदार आणि तरी खर्च चौथाई, हे कसं जमतं याचं संशोधकांना आजही कौतुक आहे. गुहेत कुणी डोकावलं तर अस्वलाला लगेच जाणवतं आणि ते उठतं, हेही मुलांना सांगून टाकावं. मादी तर याच काळात, भर हिवाळ्यात, पिल्लांना जन्म देते. अर्ध्या किलोच्याही आतबाहेरची ती पिल्लं तिच्या कुशीत दूध पीत वाढतात, आणि ती स्वतः काही खात नाही, पाणीही पीत नाही.

‘मग शू?’ हा प्रश्न येतोच, आणि तो हसण्यावारी नेऊ नये, कारण सगळ्यात भारी उत्तर याच प्रश्नाचं आहे. अस्वल त्या महिन्यांत शू करत नाही, शीही नाही. शरीरात तयार होणारा युरिया, जो आपण लघवीतून टाकतो, तो तिथे मोडला जातो आणि त्यातला नायट्रोजन पुन्हा प्रथिनं बनवायला वापरला जातो. माणूस काही महिने अंथरुणाला खिळला तर त्याचे स्नायू झडतात, हाडं ठिसूळ होतात. अस्वल पाच-सहा महिने पडून राहून वसंतात चालत बाहेर येतं.

बेडकांकडे वळायचं तर फ्रीजर रिकामा करावा लागेल. दोन वाट्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचा दाट पाक. रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी पाणी दगडासारखं झालेलं असतं, आणि पाकात चमचा अजून फिरतो. उत्तर अमेरिकेतला वुड फ्रॉग हीच युक्ती करतो. हिवाळ्यात तो पालापाचोळ्याखाली खरोखर गोठतो. शरीरातल्या पाण्यापैकी दोन तृतीयांशापर्यंत बर्फ होतो, हृदय थांबतं, श्वास थांबतो. पण गोठायला लागताच त्याचं यकृत रक्तात भरमसाट ग्लुकोज सोडतं. बर्फ होतो तो पेशींच्या बाहेर. पेशींच्या आत दाट साखर असल्यामुळे त्या सुकत नाहीत आणि फुटत नाहीत. वसंतात तो वितळतो आणि हृदय पुन्हा धडधडायला लागतं. वाटीतला पाक मुलांना नंतर खाऊ द्यायला हरकत नाही.

जे जागे राहतात त्यांच्याबद्दल पुस्तकांत भरपूर असतं, म्हणून इथे थोडक्यात. ध्रुवीय कोल्ह्याचा हिवाळी कोट, हिमबिबट्याची लांब झुबकेदार शेपटी आणि केसाळ रुंद पंजे, हिवाळ्यात पांढरा होणारा ससा, ही सगळी थंडी आणि बर्फाची तजवीज. सील आणि व्हेलच्या कातडीखालच्या चरबीसाठी डालड्याचा प्रयोग मला अजून तरी सर्वांत चांगला वाटतो. एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत वनस्पती तूप घ्यायचं, त्यात दुसरी पिशवी घालायची, आत हात. दुसरा हात नुसत्या दोन पिशव्यांत. मग दोन्ही हात बर्फाच्या पाण्यात. साधा हात अर्ध्या मिनिटात बाहेर येतो, तुपातला आरामात राहतो. फक्त एक खुलासा करावा: मार्मोटची चरबी मुख्यतः शिधा आहे, सीलची चरबी शिधाही आहे आणि कोटही.

एक प्राणी मात्र पुस्तकांतून नेहमी सुटतो, म्हणून त्याच्याजवळ थांबतो. आपल्या चिचुंद्रीच्या कुळातली एक युरोपातली छोटी जात आहे. इतकी लहान, की चरबी साठवायला अंगावर जागाच नाही, आणि ती शीतनिद्राही घेत नाही. ती हिवाळा येण्याआधी चक्क लहान होते. तिची कवटी आणि मेंदूसुद्धा आकसतो आणि वसंतात पुन्हा वाढतो. पोलंडमधल्या ऑगस्ट डेनेल यांनी १९४९ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं. शरीर लहान, म्हणजे पोट लहान, म्हणजे कमी किड्यांत भागतं. पुन्हा तोच हिशोब.

आणि जे पक्षी निघून जातात, तेही तोच हिशोब करतात. तिबेट-लडाखच्या तळ्यांवर अंडी घालणारा पट्टकादंब हिमालय ओलांडून भारतात उतरतो. उपग्रहाने माग काढलेल्या एका पट्टकादंबाने सात हजार मीटरहून जास्त उंची गाठलेली आहे. त्याच्या पिसांना थंडी सोसत नाही असं मुळीच नाही. तळं गोठलं की चरायला जागाच उरत नाही, म्हणून तो निघतो. जायकवाडीला हिवाळ्यात जाऊन आलेल्या मुलांनी तो पाहिलेला असू शकतो. ज्वारीच्या शेतावर उतरणाऱ्या भोरड्यांचे थवे तर आपल्या मुलखात कुणीही दाखवेल.

इथे मुलं एक रास्त तक्रार करतात: हे सगळं दूरचं, आपल्याकडे काय? आपल्याकडे बर्फ नाही, पण रिकामं ताट आहे. फक्त ते उन्हाळ्यात येतं. मार्च ते मे या काळात जमीन तडकते, डबकी आटतात, आणि बेडूक ओलाव्याच्या शोधात खोल मातीत जाऊन पडून राहतात. गोगलगायी शंखाचं तोंड वाळलेल्या चिकट पडद्याने बंद करून भिंतीला, झाडाच्या खोडाला चिकटून बसतात. सह्याद्रीतले खेकडे बिळात खोल उतरतात. ही ग्रीष्मनिद्रा. कारण वेगळं, उपाय तोच: खर्च थांबवा. मग पहिला दणदणीत पाऊस पडतो आणि एका रात्रीत मोठ्या बेडकांचे नर हळदीसारखे पिवळे होऊन डबक्यांत डरावायला लागतात. गावाकडच्या मुलांना हे माहीतच असतं, त्यांना फक्त हे त्या धड्यातलंच आहे हे सांगायचं राहिलेलं असतं. ‘शीतनिद्रेला थंडी लागतेच’ असं कुणी अडून बसलं, तर त्याला मादागास्करच्या जाड शेपटीच्या छोट्या लेमूरची गोष्ट सांगावी. तो शेपटीत चरबी साठवतो आणि कोरड्या हंगामात झाडाच्या ढोलीत सात महिने असाच पडून राहतो, बाहेर दुपारी तीस अंशांच्या वर तापमान असताना. २००४ मध्ये हे सिद्ध झालं तेव्हा तज्ज्ञांनाही आपली व्याख्या सैल करावी लागली.

घरात बघायचं असेल, तर पाल आहे. डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक किंवा विदर्भातल्या घरात ट्यूबलाइटजवळच्या पाली मोजा आणि मेमध्ये परत मोजा. थंडीत त्या भिंतीवरच्या फोटोमागे नाहीतर घड्याळामागे दडून असतात. पाल अंग तापवायला अन्न जाळत नाही, बाहेरच्या हवेवर भागवते. हवा गार झाली की ती मंदावते, आणि दिव्याभोवती किडेही कमीच असतात. ही मार्मोटसारखी शीतनिद्रा नव्हे, नुसता आळसावलेला काळ आहे, पण निरीक्षणाला उत्तम. फक्त मुलांनी फोटो हलवून तिला हुसकावू नये. बांधावर दुपारचं ऊन खात पडलेला साप असेल, तर तो लांबूनच बघावा.

आता राहिला तो प्रश्न, जो प्रत्येक वर्गात निघतो: माणसाला हे जमेल का? आपोआप नाही. पण शरीर गार केलं की अवयवांची ऑक्सिजनची भूक कमी होते, हे तत्त्व डॉक्टर हृदयाच्या काही शस्त्रक्रियांत वापरतात. युरोपियन स्पेस एजन्सीने मंगळाच्या लांबच्या प्रवासात अंतराळवीरांना अशा अवस्थेत ठेवता येईल का, यावर अभ्यासही करवून घेतला आहे. अन्न कमी लागेल, यान लहान करता येईल. यावर मुलं लगेच विचारतात, ‘मग त्यांना उठवणार कोण?’ खारींच्या बाबतीत याचं उत्तर आहे: त्यांच्या आतच वर्षाचं घड्याळ असतं. कॅनडात पेंगेली आणि फिशर यांनी खारींना कायम सारख्याच तापमानात, सारख्याच उजेडात ठेवलं होतं. बाहेरचा कुठलाही ऋतू कळत नसताना त्या साधारण वर्षाच्या अंतराने सुप्तावस्थेत जात आणि आपल्या आपण बाहेर येत राहिल्या. आणि तापायला त्यांच्याकडे ती तपकिरी चरबी असते. ती माणसाच्या नवजात बाळातही असते, बाळ थंडीत कुडकुडण्याऐवजी तीच जाळून ऊब मिळवतं. मोठेपणी मात्र ती मानेच्या आणि गळपट्टीच्या हाडाच्या आसपास थोडीशीच उरते, त्यामुळे गार पडलेला अंतराळवीर निदान आज तरी खारीसारखा आपला आपण तापून उठणार नाही. त्याला कुणीतरी, किंवा एखाद्या यंत्राने, उठवावं लागेल.